पहिली खेप : लहान फौंड्रीने निर्यातीचा निर्णय कसा घ्यावा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल किंवा सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या फौंड्रीचे (धातू ओतण्याच्या कारखान्याचे) कास्टिंग परदेशात जात नाही असे नाही. पंपाची बॉडी, व्हॉल्वचे बॉनेट, ट्रॅक्टरचे हाउसिंग दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसून कधीच समुद्रापार पोहोचलेले असते. ओतकाम तुमचे, मशिनिंग तुमचे, बिल मात्र दुसऱ्याच्या नावावर. माल तिकडे चालतो हे सिद्ध झालेले असूनही थेट निर्यातीचे नाव काढले की बहुतेक मालक म्हणतात, "आपल्याला नको ती भानगड."

या नकाराला क्षमतेचा अभाव हे कारण क्वचितच असते. खरी कारणे चार : पैसे बुडतील, माल नापास होईल, कागद जमणार नाहीत, भांडवल अडकेल. चारही भीती खऱ्या आहेत आणि चौघींना किंमत लावता येते. ती लावली नाही तर निर्णय शेजाऱ्याच्या एका वाईट अनुभवावर ठरतो. म्हणून हा लेख फॉर्मपासून सुरू होत नाही, तुमच्याच कारखान्याच्या आकड्यांपासून सुरू होतो. उदाहरण फौंड्री आणि मशीन शॉपचे घेतले आहे. सोलापूरचा टॉवेल किंवा इचलकरंजीचे कापड विकणाऱ्यालाही क्रम हाच लागू पडेल, फक्त निर्यात परिषद आणि तपासण्या बदलतील.

पायरी १ : तुम्हाला निर्यात का करायची आहे, ते लिहा

वॉरन बिल्की आणि जॉर्ज टेसर यांनी १९७७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लहान-मध्यम कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निर्यात टप्प्याटप्प्याने वाढते, आणि पहिल्या प्रयोगामागे बऱ्याचदा न मागता चालून आलेली ऑर्डर असते, असे त्यात दिसले. व्यवस्थापन चांगले असेल तर कारखान्याच्या आकाराला फारसे महत्त्व उरत नाही, हाही त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडे आजही वेगळे घडत नाही. एखादा ईमेल येतो, कोणाचा तरी भाचा जर्मनीत असतो, आणि गाडी सुरू होते. यात अडचण एवढीच की चालून आलेली ऑर्डर तुमच्या सोयीची असेलच असे नाही. पहिली ऑर्डर अवघड ड्रॉइंगची आली, ती फसली, की पुढची दहा वर्षे त्या कारखान्यात निर्यातीचा विषय निघत नाही.

म्हणून कारण आधी लिहून काढा. पुढच्या तीनपैकी एखादे असेल तर वेळ घालवण्यासारखा आहे : विक्रीचा अर्ध्याहून जास्त भाग एकाच गिऱ्हाइकावर टांगलेला आहे, भट्टी किंवा व्हीएमसी (संगणकावर चालणारे मशिनिंगचे यंत्र) दर महिन्याला ठरावीक दिवस रिकामी असते, किंवा तुमच्याकडे असे एखादे काम आहे, जे आसपासच्या दहा फौंड्रींना जमत नाही (पातळ भिंतीचे कास्टिंग, आतल्या पोकळीचा अवघड कोअर, लहान लॉट पण पूर्ण मशिनिंग).

"डॉलरमध्ये जास्त मिळतात" एवढेच कारण असेल तर थांबा. विनिमय दराचा फायदा खरेदीदारालाही कळतो आणि पुढच्या वाटाघाटीत तो मागून घेतो. देशी बाजार मंद आहे म्हणून तात्पुरती निर्यात करणाऱ्याचेही नुकसान होते. मंदी सरली की तो परदेशी पार्टीचा माल मागे ठेवतो, आणि मग ती पार्टी परत कधीच येत नाही.

पायरी २ : सहा महिन्यांची वही काढा

बाहेरचे काही करण्याआधी मागच्या सहा महिन्यांतले हे आकडे काढा. अंदाज चालणार नाही, नोंदीच हव्यात.

- रिजेक्शन : फौंड्रीतले वेगळे, मशिनिंगनंतर निघालेले वेगळे, गिऱ्हाइकाकडून परत आलेले वेगळे. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा.
- किती चलने (माल पाठवल्याच्या पावत्या) ठरल्या तारखेला गेली.
- देशी गिऱ्हाइकांनी प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे दिले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी कायद्याने ४५ दिवसांची मर्यादा आहे. तुमच्या खात्यावर काय दिसते ते पाहा.
- दर भागाची किंमत. फौंड्रीत किलोवर भाव सांगायची सवय असते. निर्यातीत तो प्रत्येक नगाचा सांगावा लागतो.

गिऱ्हाइकाकडून परत येणारा माल दोन टक्क्यांच्या वर असेल तर आधी ते सुधारा. शिरोलीतून पिंपरी-चिंचवडला खराब माल गेला तर टेम्पो पाठवून दोन दिवसांत बदलून देता येतो. हॅम्बुर्गला ते होत नाही. तिथला खरेदीदार सगळा लॉट माणसे लावून तपासतो आणि त्याची मजुरी तासांच्या हिशोबाने तुमच्या बिलातून कापतो. तुमच्या पूर्ण नफ्यापेक्षा ही वजावट मोठी होऊ शकते.

आणखी एक गोष्ट वहीत नसते, तरी निर्णायक असते : परदेशी ईमेलला २४ तासांत उत्तर देणारा माणूस. त्याचे इंग्रजी साधे असले तरी चालते, पण त्याला ड्रॉइंग वाचता आले पाहिजे आणि "हे जमणार नाही" असे लिहायचा अधिकार असला पाहिजे. इंजिनिअर झालेला मुलगा किंवा मुलगी कारखान्यात आली की निर्यात सुरू झाली, असे पुष्कळ ठिकाणी दिसते, त्याचे कारण हेच. मालक दिवसभर शॉप फ्लोअरवर आणि ईमेल रविवारी, असा कारभार असेल तर चौकशा येतात आणि विझतात.

पायरी ३ : भीतीला रुपयांत मांडा

आधी भांडवलाचे बघू, कारण मालक सगळ्यात जास्त याच गोष्टीला घाबरतात. उत्पादन ३० दिवस, बंदर आणि कस्टम ७ दिवस, युरोपपर्यंत समुद्र २८ दिवस, पोहोचल्यावर ६० दिवस उधारी : एकूण १२५ दिवस. महिन्याला ५ लाखांची निर्यात धरली तर साधारण २१ लाख रुपये कायम फिरते राहतील. आकडा मोठा वाटतो. आता देशी गिऱ्हाइकाचा हिशोब मांडा : उत्पादन ३० दिवस, आणि तुमची वही ९० दिवसांची वसुली दाखवत असेल तर एकूण १२०. फरक पाच दिवसांचा! त्यातही परदेशी पार्टीकडून ४० टक्के आगाऊ मिळाले तर निर्यातीत भांडवल कमीच अडकते. हा हिशोब न केल्यामुळे निर्यात सोडून देणारे कारखाने थोडेथोडके नाहीत.

आता नगाच्या खर्चाचे. खालचे आकडे पद्धत समजण्यापुरते आहेत, तुमचे स्वतःचे घाला. ४ किलोचे मशिन केलेले कास्टिंग, देशी भाव ७२० रुपये. पॅकिंगची पेटी ६,००० रुपयांची, तिच्यात २५० नग, म्हणजे नगाला २४ रुपये. एका खेपेचा ठरलेला खर्च (कस्टम ब्रोकर, बंदरापर्यंत वाहतूक, बंदरावरचे आकार, बँक, कुरिअर) ३०,००० रुपये. नग २५० असतील तर प्रत्येकावर १२० रुपये बसतात. तोच माल २,५०० नगांचा करून पूर्ण कंटेनर भरला आणि ठरलेला खर्च ९०,००० झाला, तर नगाला ३६ रुपये. म्हणजे पहिल्या छोट्या खेपेला ८६४ रुपये पडतात, मोठीला ७८०. यावर नापास मालाची तरतूद म्हणून दोन टक्के, म्हणजे सुमारे १५ रुपये आणखी धरा.

छोटी खेप महाग पडणारच, हे आधी मान्य करा. ती शिकण्याची फी आहे. पण खरेदीदाराला भाव देताना दोन्ही सांगा : २५० नगांना हा, २,५०० नगांना हा. पहिल्या खेपेला मोठ्या लॉटचा भाव देऊन टाकला तर तोच भाव कायमचा चिकटतो.

पैसे बुडण्याच्या भीतीवर एकच नियम पुरेसा आहे. पहिली खेप पूर्ण बुडाली तरी त्या महिन्याचे पगार आणि वीजबिल थांबता कामा नये, एवढ्याच रकमेची ती असावी.

पायरी ४ : मधला रस्ता आहे, तोही बघा

थेट निर्यात एकदम करायलाच हवी असे नाही. मर्चंट एक्स्पोर्टरला (दुसऱ्याचा माल विकत घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला) माल विकला तर ठरावीक अटींवर जीएसटी ०.१ टक्काच लावता येतो. तुमच्या बिलापासून ९० दिवसांच्या आत त्याने माल देशाबाहेर पाठवला पाहिजे आणि शिपिंग बिलावर (कस्टमला दिलेल्या निर्यातीच्या घोषणेवर) तुमचा जीएसटी क्रमांक व बिलाचा तपशील आला पाहिजे. त्याने मुदत पाळली नाही तर फरकाचा कर तुमच्याकडे मागितला जातो, म्हणून शिपिंग बिलाची प्रत मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

या मार्गाने पॅकिंग, तपासणी अहवाल आणि परदेशी ड्रॉइंग यांची सवय होते. उणीव एकच, पण मोठी : खरेदीदार कोण आहे हे तुम्हाला कळत नाही. वर्षभर हे करा, पाच वर्षे करू नका.

पायरी ५ : नोंदणी

इथे लोक उगाच घाबरतात. बहुतेक काम ऑनलाइन आहे आणि सीएबरोबर बसलात तर दोन-तीन आठवड्यांत उरकते.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपये भरून मिळतो. तुमचा पॅन क्रमांक हाच आता आयईसी असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो, काही बदललेले नसले तरीही. हे विसरल्याने कोड निष्क्रिय होतो आणि ते कळते तेव्हा माल न्हावा शेवा बंदराच्या दारात उभा असतो. कॅलेंडरवर तारीख टाकून ठेवा.

बँकेकडून एडी कोड (परकीय चलन व्यवहाराला अधिकृत शाखेचा क्रमांक) घ्या आणि ज्या बंदरातून माल जाणार त्या बंदरासाठी तो कस्टमच्या आइसगेट संकेतस्थळावर नोंदवा. न्हावा शेवाची नोंदणी मुंबई विमानतळावरच्या सहार एअर कार्गोला चालत नाही. नमुने विमानाने आणि माल जहाजाने जाणार असेल तर दोन्हीकडे नोंद करा.

अभियांत्रिकी मालासाठी ईईपीसी इंडिया या निर्यात परिषदेचे सदस्यत्व आणि आरसीएमसी (नोंदणी व सदस्यत्वाचे) प्रमाणपत्र घ्यावे. सुती कापडाला टेक्सप्रोसिल, यंत्रमागाला पीडेक्सिल, चामड्याला सीएलई, हळदीला मसाले मंडळ, बेदाण्याला अपेडा.

जीएसटीसाठी दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला आरएफडी-११ फॉर्मवर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरा. मग कर न भरता निर्यात करता येते आणि कच्च्या मालावरचे क्रेडिट परताव्यात मागता येते. एलयूटीवर काढलेल्या बिलाचा माल तीन महिन्यांत देशाबाहेर गेला पाहिजे. दुसरा मार्ग आयजीएसटी (आंतरराज्य व निर्यात व्यवहारांवरचा जीएसटी) भरून परतावा घेण्याचा. त्यात शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज धरला जातो. तिथे परतावा अडकतो तो बहुधा एका क्षुल्लक चुकीने : जीएसटी विवरणात बिल क्रमांक एक आणि शिपिंग बिलावर दुसरा. "२५-२६/०१२" आणि "०१२" हे संगणकाला दोन वेगळे क्रमांक दिसतात. निर्यातीची बिले वेगळ्या, साध्या मालिकेत ठेवा आणि कस्टम ब्रोकरला हाताने लिहून न देता पीडीएफ द्या.

पायरी ६ : कोड, बाजार आणि पार्टी

आपल्या भागाचा एचएस कोड (कस्टमचा जागतिक वस्तू-वर्गीकरण क्रमांक) ठरवणे हे कारकुनी काम समजू नका. तेच ओतकाम पंपाचा भाग म्हणून ८४१३ मध्ये जाऊ शकते, व्हॉल्वचा भाग म्हणून ८४८१ मध्ये, किंवा नुसते लोखंडी ओतीव काम म्हणून ७३२५ मध्ये. तिकडचे आयात शुल्क, इकडचा रोडटेप किंवा ड्रॉबॅक (निर्यातीवर सरकारकडून परत मिळणारे कर व शुल्क), सगळे या आकड्यावर ठरते. युरोपात आणखी एक गोष्ट आली आहे : सीबॅम, म्हणजे उत्पादनात झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचा आकार. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याची माहिती देणे सुरू झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा आला. लोखंड-पोलादाची काही शीर्षके त्यात येतात. पाइप फिटिंगचे ७३०७ येते, म्हणून फिटिंग बनवणाऱ्याने प्रति टन वीज आणि इंधनाची नोंद आजपासूनच ठेवावी. कोड खरेदीदाराशी लेखी पक्का करा, कारण आकारणी त्याच्याकडे होते आणि तो माहिती तुमच्याकडे मागतो.

पहिला बाजार जवळचा घ्या. संयुक्त अरब अमिरातीशी आपला करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून. मूळ देशाचे प्रमाणपत्र दिले तर खरेदीदाराला शुल्कात सवलत मिळते. न्हावा शेवाहून दुबईचे जेबेल अली बंदर आठवड्याच्या आत गाठता येते. भाषा, वेळ, माणसे, सगळे ओळखीचे. युरोप चांगला भाव देतो, पण नमुना मंजूर व्हायला महिने लागतात. अमेरिकेचा बाजार मोठा, मात्र २०२५ मध्ये तिथले जादा आयात शुल्क किती झपाट्याने बदलले ते सर्वांनी पाहिले. एका देशावर सगळा भार टाकायचा नाही, एवढे त्यातून घ्या.

पार्टी शोधायला ईईपीसीची सोर्सिंग प्रदर्शने, इंडियन फौंड्रीमेन संस्थेचे आयफेक्स आणि जर्मनीतील हॅनोव्हर मेळा ही ठिकाणे आहेत. हॅनोव्हरला पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका. फिरून या, खिशात तीन चांगले नमुने आणि एका पानाची क्षमता-पत्रिका असू द्या. त्या पत्रिकेवर कारखान्याचा इतिहास नको. कोणत्या ग्रेड ओतता, किमान-कमाल वजन, मोल्ड बॉक्सचा आकार, मशीनची यादी, तपासणीची उपकरणे, महिन्याची रिकामी क्षमता, एवढेच लिहा. ग्रेड त्यांच्या भाषेत लिहा : आपला एसजी (चिवट ओतीव लोखंड) ५००/७ हा तिकडे ईएन-जीजेएस-५००-७ म्हणून ओळखला जातो.

पायरी ७ : ड्रॉइंग आणि नमुना

पहिली खेप फसण्याची जागा बंदर नसून ड्रॉइंग असते. ड्रॉइंग आले की भाव काढण्याआधी पाच गोष्टी बघा.

प्रोजेक्शनचे चिन्ह (भागाची दृश्ये कागदावर कशी मांडली ते). युरोपात फर्स्ट अँगल, अमेरिकेत थर्ड अँगल. हे न बघता पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो आकार) केला तर भाग आरशातल्यासारखा उलटा निघतो आणि पॅटर्नचा पूर्ण खर्च वाया जातो.

एकके आणि चिन्हे. जर्मन ड्रॉइंगमध्ये १२,५ म्हणजे साडेबारा मिलिमीटर. अमेरिकन ड्रॉइंग इंचात असू शकते आणि आटे यूएनसी (इंचाच्या मापाचे) असतात. अमेरिकन तारखेत महिना आधी येतो. ०३/०४ म्हणजे ४ मार्च.

न लिहिलेली मापांची सूट (टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक). शीर्षकाच्या चौकटीत आयएसओ ८०६२ किंवा तसे काही लिहिलेले असते. ते मानक विकत घेऊन वाचा. "चालते" हा शब्द तिकडे नाही.

धातूचे प्रमाणपत्र. ईएन १०२०४ नुसार ३.१ मागितले असेल तर त्या हीटचे (एका वेळी वितळवलेल्या धातूचे) रासायनिक पृथक्करण आणि ताण-चाचणीचे आकडे द्यावे लागतात. त्यासाठी प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर हवा. हीट नंबर टाकत नसाल तर हे प्रमाणपत्र खरेपणाने देताच येणार नाही.

आणि दिसण्याच्या अटी. रायझर (जादा धातूचा उंचवटा) कुठे, पार्टिंग लाइनवर (साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर) किती फ्लॅश (बाहेर आलेला पातळ धातू) चालेल, रंग कोणता. ड्रॉइंगवर नसेल तर फोटो काढून लेखी मंजुरी घ्या. भांडणे यावरूनच होतात, मापांवरून फार कमी.

पॅटर्नचे पैसे वेगळे लावा आणि आगाऊ घ्या, किंवा निम्मे ऑर्डरबरोबर, निम्मे नमुना मंजुरीवर. नगाच्या भावात पॅटर्न घुसवला आणि ऑर्डर एकदाच आली, तर पॅटर्न तुमच्या डोक्यावर बसतो. नमुन्याचे तीन ते पाच नग, प्रत्येकाचा पूर्ण मोजमाप अहवाल. एक मंजूर नमुना सील करून आपल्याकडे ठेवा. वर्षभराने वाद झाला तर तोच कामी येतो.

पायरी ८ : भाव, अटी, पैसे

कोटेशनवर विक्रीची अट आणि ठिकाण दोन्ही लिहा : "एफओबी न्हावा शेवा, इन्कोटर्म्स २०२०". इन्कोटर्म्स म्हणजे विक्री-अटींचे आंतरराष्ट्रीय नियम, एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जबाबदारी तुमची. कंटेनरच्या मालाला खरे तर एफसीए (माल वाहतूकदाराच्या हाती देईपर्यंतची जबाबदारी) ही अट जास्त योग्य, पण बाजारात एफओबीच जास्त चालते. डीडीपी (शुल्क भरून खरेदीदाराच्या दारी पोहोच) पहिल्या दोन वर्षांत स्वीकारू नका. तिकडचे शुल्क आणि कर तुमच्या अंगावर येतात. एफओबीमध्ये फॉरवर्डर (मालवाहतूक जुळवणारा एजंट) खरेदीदाराने नेमलेला असतो आणि बंदरावरचे आकार तो तुमच्याकडून घेतो, त्याच्या दराने. म्हणून कोटेशनआधी त्याच फॉरवर्डरकडून आकारांची यादी लेखी मागवा.

कोटेशनची मुदत ३० दिवस ठेवा. पिग आयर्न आणि स्क्रॅपचा भाव ठरावीक टक्क्यांहून जास्त हलला तर फेरविचार, असे एक कलम घाला. लांबच्या ऑर्डरवर भाव गोठवून बसणे हे फौंड्रीसाठी विनिमय दरापेक्षा मोठे संकट आहे.

पैशांचे मार्ग, माझ्या मते नवख्याने ज्या क्रमाने मागावेत तसे : ३० ते ५० टक्के ऑर्डरबरोबर आणि उरलेले बिल ऑफ लेडिंगच्या (जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीच्या) स्कॅन प्रतीवर, ते नाही जमले तर बँकेमार्फत कागद पैसे दिल्यावर सोडणे, म्हणजे डीपी. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी), सुरक्षित वाटते, पण लहान खेपेला बँकेचे आकार परवडत नाहीत, आणि कागदातल्या बारीक चुकीवर पैसे अडतात. एलसी आलीच तर माल पाठवण्याआधी बँकेत जाऊन प्रत्येक अट वाचा. जी पाळता येणार नाही ती बदलून घ्या. जहाजावर माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत, आणि एलसीच्या मुदतीच्या आत, कागद बँकेत पोहोचले पाहिजेत.

एक सापळा नीट समजून घ्या. डीपीमध्ये तुमचे संरक्षण बिल ऑफ लेडिंगच्या मूळ प्रतींमध्ये असते. ती हातात असल्याशिवाय खरेदीदाराला माल मिळत नाही. विमानाने पाठवलेल्या मालाचे एअर वेबिल तसे नसते. ज्याच्या नावावर माल, त्याला तो मिळतो, पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणून विमानाने जाणाऱ्या मालाचे पैसे पूर्ण आगाऊ.

उधारी द्यायचीच असेल तर ईसीजीसीची (निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची) पॉलिसी घ्या. खरेदीदाराची मर्यादा माल पाठवण्याआधी मंजूर करून घ्यावी लागते, नंतर नाही. आणि पॉलिसी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका : खरेदीदाराने "माल खराब आहे" असा वाद काढला, तर तो वाद मिटेपर्यंत दावा मंजूर होत नाही. म्हणून तपासणी अहवाल, पॅकिंगचे फोटो, सीलचा फोटो, सगळे जपून ठेवायचे.

"आमचे बँक खाते बदलले आहे" असा ईमेल तुमच्या नावाने खरेदीदाराला जाणे, ही फसवणूक आता नेहमीची झाली आहे. पहिल्याच कोटेशनवर लिहा की खाते बदल फोनवर खात्री केल्याशिवाय मानू नये. नोंदणी फी किंवा टेंडर फी मागणारा खरेदीदार मात्र खरेदीदार नसतोच.

पायरी ९ : पॅकिंग

कास्टिंगचा शत्रू गंज. कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो, आणि छताला धरलेले पाणी मालावर ठिबकते. मशिन केलेले पृष्ठभाग धुऊन, पूर्ण वाळवून, गंजरोधक तेल लावून व्हीसीआय (गंजरोधक वाफ सोडणाऱ्या) पिशवीत सील करा, आत सिलिका जेल. उघड्या हाताने धरलेल्या नगावर बोटांचे ठसे महिन्याभराने गंजाच्या रूपात उमटतात. हातमोजे सक्तीचे करा. ओल्या लाकडाची पेटी केली तर लाकूडच ओलावा सोडते.

लाकडी पेटी आणि पॅलेटला आयएसपीएम-१५ (लाकडातली कीड मारण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाची) प्रक्रिया हवी : लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटे. शिक्का प्रत्येक पेटीवर असला पाहिजे, आणि तो मान्यताप्राप्त केंद्राचाच हवा. शिक्का नसला तर सगळी खेप अडकते किंवा परत पाठवली जाते. प्लायवूडला हा नियम लागू नाही, त्यामुळे लहान खेपेला प्लायची पेटी सोपी पडते. फक्त खालचे पाय साध्या लाकडाचे असतील तर त्यांना प्रक्रिया लागतेच.

एका पेटीतल्या मालाचे वजन १,००० किलोच्या वर जाऊ देऊ नका आणि फोर्कलिफ्टचा काटा चारही बाजूंनी शिरेल अशी रचना करा. वीस फुटी कंटेनरमध्ये १,२०० बाय १,००० मिलिमीटरची दहा पॅलेट एका थरात बसतात. कास्टिंगमध्ये जागेआधी वजनाची मर्यादा येते, म्हणून वजन कंटेनरच्या लांबीभर सारखे पसरवा. कंटेनरचे खात्रीशीर वजन, व्हीजीएम, जाहीर केल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. धर्मकाट्याची पावती घ्या.

पायरी १० : पाठवणी आणि त्यानंतरचे ३० दिवस

बिल, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, मूळ देशाचे प्रमाणपत्र, बिल ऑफ लेडिंग : या पाचांत कंपनीचे नाव, नगांची संख्या, निव्वळ आणि एकूण वजन अक्षरशः तेच असले पाहिजे. बिल ऑफ लेडिंगचा मसुदा फॉरवर्डर ईमेलवर पाठवतो आणि उत्तरासाठी थोडाच वेळ देतो. तो त्याच दिवशी वाचा. जहाज सुटल्यावरची दुरुस्ती पैसे आणि आठवडा दोन्ही खाते.

शिपिंग बिलावर रोडटेप किंवा ड्रॉबॅकचा दावा ब्रोकरने टाकला आहे का ते तपासा. नंतर आठवण झाली तर तो मिळवणे फार कटकटीचे असते.

पैसे आले की काम संपत नाही. तुमची रक्कम त्या शिपिंग बिलाशी बँकेने जोडली पाहिजे, तरच रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस (निर्यातीच्या वसुलीवर लक्ष ठेवणाऱ्या) प्रणालीत ते बिल बंद होते. वसुलीची मुदत बरीच वर्षे नऊ महिने होती आणि नियम बदलत असतात. सध्याची मुदत बँकेकडून लेखी घ्या. परदेशी बँकेने मधल्यामध्ये शुल्क कापून ४० डॉलर कमी पाठवले, तर तेवढ्यासाठीही बिल उघडे राहू शकते. त्या फरकाचे पत्र लगेच द्या. नंतर डीजीएफटीवर ई-बीआरसी (निर्यातीचे पैसे मिळाल्याचे प्रमाणपत्र) काढा आणि जीएसटी परताव्याचा अर्ज करा. त्याला दोन वर्षांची मुदत आहे, पण दोन वर्षे थांबणे म्हणजे स्वतःचे भांडवल स्वतःच अडकवणे. अर्ज बिनचूक असला तर ९० टक्के रक्कम तात्पुरत्या मंजुरीने लवकर मिळण्याची सोय नियमात आहे.

माल पोहोचल्यावर आठवड्याभरात खरेदीदाराला स्वतःहून तीन गोष्टी विचारा : पेटी कोणत्या अवस्थेत मिळाली, गंज दिसला का, असेंब्लीत किती नग अडले. तक्रार यायची वाट पाहू नका. मग पायरी ३ मधला कागद पुन्हा काढा आणि प्रत्येक ओळीसमोर प्रत्यक्ष आलेला खर्च लिहा. दुसऱ्या ऑर्डरचा भाव त्या कागदावरून द्यायचा.